बुजरी गाडी

"मिस्तरी, आमची गाडी बुजतीया."

गाड्यांच्या वायरी उसवण्यात माझं आयुष्य गेलं, पण ही तक्रार मी पहिल्यांदाच ऐकत होतो. गिऱ्हाइकांची भाषा मला पाठ आहे. गाडी खोकते, गाडी रुसली, गाडी सकाळी उठत नाही, गाडी जास्त पिते. एका वकीलसाहेबांची गाडी तर उसासे टाकायची. पण बुजणं हा बैलांचा आणि घोड्यांचा शब्द. नवीकोरी, चार दरवाज्यांची, पुढं रडार आणि काचेवर कॅमेरा असलेली पिकअप बुजते म्हणजे काय, हे काही माझ्या डोक्यात शिरेना. मी फिसकन हसलो. नंतर त्याच शब्दानं माझी लाज राखली, म्हणून ही हकीकत आधी सांगून टाकतो.

सोलापुरात अक्कलकोट रोडला माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. वडील मागावर चादरी विणायचे, घरात बोली तेलुगूच. मी मागावर बसावं अशी त्यांची फार इच्छा होती. मी मात्र शेजारच्या उस्तादांच्या गॅरेजात डायनॅमोशी खेळत बसायचो, आणि शेवटी तिथलाच झालो. उस्ताद म्हणायचे, "गाडी झूट नै बोलती रे अंबादास, आदमी बोलता." दिवा लागत नाही तर लागत नाही, हॉर्न वाजत नाही तर वाजत नाही. गाडीचं दुखणं सरळ असायचं. हातात टेस्टर, खिशात चिकटपट्टी आणि नाकाला जळक्या वायरीचा वास ओळखता आला की माणूस मिस्तरी झाला.

आता तसं राहिलं नाही. आताच्या गाड्यांना डोळे आले आहेत. बाहेरच्या माणसाला समजावं म्हणून साध्या भाषेत सांगतो. गाडीच्या तोंडापाशी, जाळीच्या मागं, एक रडार बसवलेलं असतं. ते पुढं लहरी सोडतं, त्या कशावर तरी आपटून परत येतात, त्यावरून समोर काय आहे, किती लांब आहे, आपल्याकडं किती वेगानं येतंय, हे गाडीला कळतं. आतल्या आरशाच्या मागं काचेला चिकटून कॅमेरा असतो. दोघं मिळून ठरवतात, की आता धडक होणार. मग गाडी आधी पीं पीं करून ओरडते, चालकाला म्हणते बाबा जागा हो. तरीही त्यानं ऐकलं नाही तर स्वतःच ब्रेक दाबते. शिवाय बंपरमध्ये बटणांसारखे बारके सेन्सर असतात, ते मागं-पुढं लावताना भिंत, खांब, कुत्रं दाखवतात.

डोळे आले की डोळ्यांचे आजारही आले. पहिल्या पहिल्यांदा मी या गाड्यांना हात लावायला घाबरायचो हे कबूल. मग स्कॅनर घेतला, पुण्याला जाऊन शिकून आलो, अडगळ हलवून दुकानात सपाट फरशी केली, आणि आता सोलापुरात कुणाची गाडी विनाकारण ओरडायला लागली की लोक म्हणतात, अंबादासकडं ने. हे लिहिताना कॉलर ताठ होते, होऊ द्या. दिवाळी अंकात नाही मिरवायचं तर कुठं मिरवायचं?

यात गमती फार. कुंभारी गावच्या एका सरांची गाडी मागं घेताना अखंड बोंब मारायची, मागं चिटपाखरू नसलं तरी. सर इतके वैतागले होते, की गाडी मागं घ्यावी लागू नये म्हणून बाजाराला वळसा घालून यायचे. मी बंपरचा सेन्सर काढून बघितला तर कडेला चिखलाचं सुबक घरटं. कुंभारीण माशी! सरांना म्हटलं, "कुंभारीच्या गाडीत कुंभारीण राहायला आली, तिचं काय चुकलं?" सर मराठीचेच होते, त्यामुळं त्यांनी विनोदाला दाद दिली. दुसरे एक द्राक्षबागाईतदार. त्यांच्या गाडीनं दसऱ्याला ओरडायला सुरुवात केली आणि हार वाळून पडेपर्यंत ती थांबली नाही. झेंडूचा हार रडारच्या पुढ्यात लोंबत होता, वाऱ्यानं हलत होता. मी हार बाजूला सरकवला, तर ते म्हणाले, "मिस्तरी, देवाचं काढताय व्हय?" शेवटी हार वर, काचेच्या खाली बांधून दिला. देवही राजी, रडारही राजी.

पण निम्म्या लोकांचं मागणं एकच असतं. "ते बंद करून टाका." पीं पीं नको, ब्रेक नको, कटकट नको. तिथं माझं टाळकं सरकतं. अरे, डोळ्यात कुसळ गेलं म्हणून कुणी डोळा काढून टाकतं का? मी बंद करून देत नाही. गिऱ्हाईक गेलं तर गेलं. बायको म्हणते, दुकान चालवताय की व्रत? काहीही म्हणो.

तर ती बुजणारी गाडी.

अक्कलकोटच्या पलीकडं, कर्नाटकच्या हद्दीला लागून एका वस्तीवरचं हे कुटुंब. मेंढरं-शेरडं पाळणारं. घरातला कर्ता म्हणजे बिराप्पा, पांढरं मुंडासं, खांद्यावर घोंगडं, बोलता बोलता कानडीत शिरणारा. थोरला मुलगा लष्करात, सरहद्दीवर. धाकटा सिद्धू, तो मेंढरं बाजाराला नेतो. आणि थोरल्याची बायको रेणुका. ही पिकअप थोरल्यानंच घेतली होती, आणि मुद्दाम सेन्सरवाली घेतली होती, कारण ती बऱ्याचदा बायकोच चालवणार होती.

रेणुका पशुसखी आहे. म्हणजे वस्त्यावस्त्यांवर जाऊन शेरडामेंढरांना लस टोचायची, जंताचं औषध पाजायचं, आजारी जनावर ओळखून डॉक्टरांना फोन करायचा. लस बर्फाच्या पेटीतून न्यावी लागते, उन्हात तापली की वाया. आडवळणाच्या वस्त्या, तिथं एसटी नाही. गाडी आहे तर तिचं काम आहे, एवढं साधं गणित.

आणि नेमकी ती गाडी चालवत असतानाच पिकअप मोकळ्या रस्त्यावर एकदम ब्रेक मारायची. पुढं काही नाही, कुणी नाही, तरी पीं पीं आणि खाडकन ब्रेक. असं काही वेळा झालं. शेवटच्या वेळी मागून येणारा मोटारसायकलवाला येऊन धडकला, त्याचं मनगट मोडलं. त्या दिवसापासून बिराप्पानं गाडीची किल्ली स्वतःकडं ठेवली आणि रेणुकाच्या फेऱ्या बंद झाल्या.

तिघंही माझ्या दुकानात आले होते. सिद्धूनं येताना मेंढरं बाजारात उतरवली होती. बिराप्पा बुजण्याचं सांगत होता तेवढ्यात सिद्धूनं मधेच तोंड घातलं.

"आप्पा, गाडी बिडी काय बुजत न्हाय. वैनीचा पाय ब्रेकवर जातोय. मी इतक्या दिसापास्नं चालवतोय, मला एकदा बी झालं न्हाय."

रेणुका शांतपणे म्हणाली, "भावजी, माझा पाय कुटं असतो ते मला ठावं हाय."

"मग मलाच का व्हत न्हाय?"

तिनं माझ्याकडं बघितलं. मी कंपनीवाले काय म्हणाले ते विचारलं. कंपनीच्या वर्कशॉपातही सिद्धूच गाडी घेऊन गेला होता. त्यांनी तपासली, सगळं ठीक आहे म्हणून परत दिली. त्यांनाही दोष देता येत नाही, त्यांच्याकडं गेली तेव्हा गाडी ठीकच वागली असणार.

मी स्कॅनर जोडला. एकही दोष नोंदलेला नाही. रडारची जाळी स्वच्छ, काच स्वच्छ, वायरिंगला उंदीर लागलेला नाही. मग मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला. लोक कधी बिघडतं ते सांगतात. मी विचारतो, कधी बिघडत नाही? माग चालू असताना तुटलेला धागा शोधायचा तर आधी शाबूत धागे बाजूला करावे लागतात, हे वडिलांनी शिकवलेलं. या प्रश्नानं मी भल्याभल्या गाड्या सरळ केल्या आहेत. या वेळी मात्र प्रश्न उलटा अंगावर आला.

"मी चालवतो तवा बिघडत न्हाय," सिद्धू म्हणाला. आणि तो माझ्याकडं अशा नजरेनं बघायला लागला, की झालं की मिस्तरी, तुमच्याच तोंडानं निकाल लागला.

रेणुकाचं तोंड उतरलं. मला स्वतःचाच राग आला. मी म्हटलं, "रेणुकाताई, चला, गाडी काढा. मी शेजारी बसतो."

आम्ही कुंभारीच्या दिशेनं निघालो. बाई गाडी छान चालवत होती. दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर लांब, गिअर असा टाकायची की कळू नये. तिच्या पायांवर माझी नजर होती, आणि मांडीवर स्कॅनर. एक पूल आला. पुलाच्या तोंडाशी, दोन सिमेंटच्या तुकड्यांमध्ये आडवी लोखंडी पट्टी असते ना, धडधड वाजणारी, तशी पट्टी. पट्टी जवळ आली आणि गाडी किंचाळली. तिचा पाय ॲक्सिलरेटरवर होता, मी शपथेवर सांगतो. गाडीनं स्वतःच करकचून ब्रेक लावला. माझं कपाळ पुढं आपटता आपटता वाचलं.

"बगितलं का काका?" ती म्हणाली. तिच्या आवाजात आनंदच जास्त होता. इतक्या दिवसांनी कुणीतरी साक्षीदार मिळाला होता.

परत येऊन मी सांगितलं, की हिचा पाय ब्रेकवर नव्हता. सिद्धूला पटेना. "तुमी तिच्या बाजूला बसला, तिच्या बाजूनंच बोलणार की." खरं तर त्याच्या बोलण्यात एक मुद्दा होताच. गाडी जर लोखंडी पट्टीला घाबरते, तर त्याच पट्टीवरून सिद्धू रोज जातो, तेव्हा का घाबरत नाही? मशिनला वहिनी कोण आणि दीर कोण हे कळत नाही. मी डोकं खाजवत बसलो. चहा मागवला. मला काही सुचेना झालं की मी चहा मागवतो, हे दुकानाशेजारच्या टपरीवाल्याच्या फायद्याचं आहे.

बिराप्पा चहाची बशी तोंडाला लावता लावता म्हणाला, "नोडप्पा, बगा मिस्तरी. मान वर करून चालणारं जनावर बुजत न्हाय. मान खाली घालून चालतं त्येला सावली दिसती, दावं दिसतं, भुईवरलं कायबी दिसतं, आन् मग ते बुजतं."

मी बशी खाली ठेवली. उठलो आणि रस्ता ओलांडून पलीकडं गेलो. तिथून गाडीकडं आडवं बघितलं.

गाडीनं मान खाली घातली होती.

एकदम डोळ्यात भरण्याइतकी नाही. पण तिचा मागचा भाग वर होता आणि नाक खाली झुकलेलं होतं. आता मला हसू आवरेना. दुकानात आलो, फळी टाकली आणि गाडीखाली सरकलो. मागच्या कमानीत, म्हणजे चाकावर वजन पेलणाऱ्या लोखंडी पाट्यांच्या गड्डीत, एक पाटा इतरांपेक्षा चकचकीत होता. बाकीच्यांवर धूळ आणि शेणाचे शिंतोडे, हा मात्र नवाकोरा.

गाडीखालूनच ओरडलो, "सिद्धू, मागं जादा पाटा टाकलाय काय?"

"टाकलाय की. मेंढरं भरली की गाडी बसत हुती. गावातनं टाकून घेतला. त्यात काय झालं?"

त्यात सगळंच झालं होतं. आपल्याकडं पिकअप घेतली की जादा पाटा टाकणं ही रीतच आहे. नवीन सुनेला चोळी शिवतात तशी लोक नवीन पिकअपला पाटा टाकतात, आणि जुन्या गाड्यांना त्यानं काही बिघडतही नसे. पण या गाडीला डोळे होते, आणि तिच्या डोळ्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की आता तुझी मान वाकवली आहे. मेंढरं भरली की मागचा भाग वजनानं दबायचा, गाडी सरळ व्हायची, रडार सरळ रस्त्याकडं बघायचं. सिद्धू कायम भरलेली गाडी चालवायचा. येताना बाजारातनं रिकामी गाडी? तर तेही विचारलं. येताना तो पेंडीची पोती भरून यायचा. आज मात्र बाजारापासून माझ्या दुकानापर्यंत गाडी रिकामी आली होती, पण त्या वाटेत पूल नव्हता. रेणुकाच्या गाडीत मात्र एक बर्फाची पेटी आणि ती स्वतः. रिकामी गाडी मागून उचललेली, नाक खाली, रडार जमिनीकडं बघतंय, आणि पुलावरची लोखंडी पट्टी त्याला समोर आडवा आलेला ट्रक वाटतेय. बिचारी गाडी खोटं बोलत नव्हती. तिला जे दिसत होतं ते ती इमानदारीनं सांगत होती.

मी हे सगळं सांगितलं तेव्हा बिराप्पा मान डोलवत राहिला. रेणुकानं डोळे पुसले आणि लगेच पदर कमरेला खोचला. सिद्धू मात्र हट्टी. मेंढक्याचं पोर ते.

"हे तुमचं पुस्तकातलं झालं," तो म्हणाला. "बोलायला काय जातंय?"

मी म्हटलं, "काही जात नाही. किल्ली घे. गाडी आत्ता रिकामी आहे. तूच चालव. आम्ही तिघं बसतो, तीन माणसांनी गाडी काही दबत नाही. तुझा पाय तुझ्याच ताब्यात ठेव."

तो ताठ मानेनं बसला. पुलाच्या अलीकडं त्यानं आरशातून मागं बसलेल्या वहिनीकडं बघितलं आणि थोडा वेग वाढवला. मी मुद्दाम मागं वळून रस्ता मोकळा आहे ना ते बघून घेतलं. पट्टी आली. गाडी किंचाळली आणि खाडकन ब्रेक! सिद्धूचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. त्यानं दोन्ही पाय वर उचलून धरले होते, जणू पायाखाली विंचू निघाला.

"आयला! मी न्हाय दाबला! मिस्तरी, आईशप्पत, मी न्हाय दाबला!"

मागून रेणुका हळूच म्हणाली, "भावजी, तुमचा पाय ब्रेकवर जातोय."

बिराप्पा असा हसला, की त्याचं मुंडासं सुटलं. मी तर खिडकीतून बाहेर तोंड काढून हसत होतो. माझ्या धंद्यात मला मानपत्रं मिळाली नाहीत, मिळणारही नाहीत; पण पुलाच्या तोंडाशी पाय वर करून बसलेला तो पोरगा मला कुठल्याही मानपत्राहून प्यारा आहे. आणि पोरगा मुळात वाईट नव्हताच. दुकानात परत येऊन उतरल्यावर तो वहिनीपुढं उभा राहिला आणि म्हणाला, "वैनी, मी लई बोललो." ती म्हणाली, "व्हय, बोललासा." तेवढ्यावर विषय संपला.

आता दुरुस्ती. दोन रस्ते होते. पाटा तसाच ठेवून रडारचा कोन रिकाम्या गाडीच्या हिशोबानं बदलायचा; पण मग मेंढरं भरल्यावर रडार आभाळाकडं बघणार आणि खरा ट्रक आला तरी गाडी गप्प. किंवा पाटा काढायचा. सिद्धू म्हणाला, पाटा काढला तर एवढी मेंढरं एका खेपेत कशी जाणार? तिसरा रस्ताही त्यानंच सुचवला, अर्थातच. "मिस्तरी, ते ब्रेकचं बंदच करून टाका की."

माझं टाळकं सरकायच्या आत बिराप्पा बोलला. "माझ्या लेकानं तिकडं थंडीत हुबं राहून बायकूसाठी ही गाडी घेतली. तिचं डोळं फोडायचं न्हाईत. मेंढरं दोन खेपांत जातील. न्हाय तर एक खेप चालत जातील. मेंढरांना पाय दिल्यात देवानं."

पाटा निघाला. शेजारच्या पाटेवाल्यानं जुनी उंची बरोबर मापून दिली. मग माझं आवडतं काम सुरू झालं. रडारला पुन्हा सरळ बघायला शिकवणं. सपाट फरशीवर गाडी उभी करायची, टायरमध्ये हवा नेमकी, गाडीत कुणी नाही. गाडीच्या नाकापासून ओळंबा सोडायचा, गाडीच्या बरोबर मध्यातून सरळ रेषा धरायची, त्या रेषेवर ठरलेल्या अंतरावर पत्र्याची पाटी उभी करायची, आणि स्कॅनरवरून रडारला सांगायचं, हे बघ, समोर म्हणजे हे. रेषेसाठी मी चादरीच्या मागाचं सूत वापरतो. लेझर आहे माझ्याकडं, पण सूत ताणलं की मला खात्री वाटते. वडील असते तर म्हणाले असते, शेवटी बसलास ना सुताशी. त्यांना हे दाखवता आलं नाही, एवढी एक खंत आहे.

रडारनं पाटी ओळखली, स्कॅनरवर हिरवी खूण आली. पण पडद्यावरची हिरवी खूण म्हणजे माझा शब्द नव्हे. माझा शब्द रस्त्यावर. म्हटलं, तुमच्याच रस्त्यानं जाऊ, वस्तीपर्यंत, वाटेतले सगळे पूल घेत. रेणुकानं सकाळीच बर्फाच्या पेटीत लस भरून ती दुकानाबाहेर सावलीत ठेवली होती. गाडी तिच्या हाती द्यायची की नाही हे अजून ठरलंही नव्हतं. तिनं पेटी उचलून पुढच्या सीटजवळ ठेवली आणि सासऱ्यापुढं हात केला. बिराप्पानं किल्ली दिली. मी शेजारी, स्कॅनर मांडीवर, बापलेक मागं.

कुंभारीचा पूल गेला. पट्टी धडधडली, गाडी गप्प. पुढचा पूल, गप्प. अक्कलकोट मागं पडलं, शहर संपलं, दुकानांच्या पाट्या कानडीत दिसायला लागल्या, आणि प्रत्येक पुलाला मागून सिद्धूचा श्वास सुटल्याचा आवाज यायचा. मला मात्र अजून समाधान नव्हतं. गप्प बसणारी गाडी मी करून दिली, पण वेळेला ओरडणारी गाडी झाली आहे का, हे कसं कळणार? मुद्दाम कुणाला आडवं घालता येत नाही.

वस्तीकडं जाणाऱ्या फाट्याच्या अलीकडं ते कळलं. उजवीकडच्या पाणंदीतून एक मोटारसायकल कडब्याचे भारे लादून, डावीउजवीकडं न बघता सरळ रस्त्यावर आली. रेणुकानं ब्रेक दाबला. गाडी किंचाळली. थांबलो तेव्हा तो कडबेवाला आमच्या बंपरपासून चांगला लांब होता. त्यानं आमच्याकडं बघितलंही नाही, गेला आपला डुलत डुलत.

मी स्कॅनरकडं बघितलं. तिथं घडलेलं सगळं ओळीनं उमटतं, आधी काय, नंतर काय. मी ते एकदा वाचलं, मग पुन्हा वाचलं, आणि मग मागं वळून बापलेकांना मोठ्यानं सांगितलं.

"गाडीनं बरोबर ओळखलं. पण आधी हिचा पाय ब्रेकवर गेला, गाडी नंतर ओरडली."

"म्हंजे?" सिद्धूनं विचारलं.

"म्हणजे रडारच्या आधी तुझ्या वहिनीला दिसलं."

रेणुकाचे कान लाल झाले होते, पण ती समोरच बघत होती. मग तिनं गाडी फाट्यावर कडेला घेतली, बर्फाच्या पेटीवर हात ठेवून बघितला आणि म्हणाली, "काका, तुमचं मशिन काढून घ्या. आप्पा, भावजी, तुमी हितंच उतरा."

"हितं? का?"

"पल्याडच्या वस्तीवर शेरडं बांधून ठेवायला सांगितलंय. घरला वळसा घातला तर लस तापंल. काकांना घरी न्या, जेवू घाला. मी येतेच."

आम्ही तिघं मुकाट्यानं उतरलो. मी, छातीशी स्कॅनर धरून. गाडी धूळ उडवत गेली, मान अगदी सरळ. वस्ती लांब माळावर दिसत होती आणि ऊन मी म्हणत होतं.

सिद्धू बापाकडं बघून म्हणाला, "आप्पा, आपल्याला हितंच सोडून गेली की ती!"

बिराप्पानं घोंगडं खांद्यावर नीट केलं. गाडीच्या धुळीकडं बघताना त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तोंडावर हसू. "आरं, हिच्या म्होरं त्या गाडीचं बी काय चालंना," तो म्हणाला, "मग आपलं काय चालणार? चल, पायी चल."